कोऱ्या काचेचं चुंबकत्व

३ सप्टेंबर
आजपासून रोज लिहिणार. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ ३० नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर नोंदणी रद्द, आणि सडक अर्जुनीच्या आमच्या कॉलेजातली फिजिक्सची कायम जागा योगराजला. तो माझा ज्युनिअर. त्याला काळजी वाटत असणार.

११ सप्टेंबर
रोज जमलं नाही. विचार चालू होता. नागपूरच्या लॅबमधून फिल्म आणल्या: काचेच्या तुकड्यांवर आयर्न कार्बाइडचा थर, केसाहून कितीतरी पातळ. रचनेच्या आलेखात टोकदार शिखरं हवी होती. एक पसरट टेकडी आली. गाइड सर म्हणाले, कार्बन जास्त झालाय, रचनाच बसली नाही, चुंबकत्व विसरा. सर थकलेत.

१२ सप्टेंबर
हवा दमट. फिल्म गंजतील. सिलिका जेलची मागणी ऑफिसात पडून. उपाय सुचला: तांदूळ ओल शोषतो. सगळ्या काचा, थर न दिलेली कोरीसुद्धा, घरच्या तांदळाच्या ड्रममध्ये पुरल्या. लॅबचं चुंबकही तिथेच, हरवू नये म्हणून. तांदूळ सासऱ्यांच्या राइस मिलचा. मिल जुनी, यंत्रं झिजलेली, पण दाणा पांढराशुभ्र.

२८ सप्टेंबर
सासरे, चुन्नीलालजी, गोंदियाहून आले. ड्रममध्ये डोकावून म्हणाले, जवाईबुवा, काचा तांदळात काऊन टाकल्या जी? शिजवाच्या हायेत का? रेणू हसली. बायकोने हसायला नको होतं. मग नेहमीचं: मिलच्या गादीवर बसा, घरचा माणूस पाहिजे. मी म्हणालो, मी संशोधक आहे. म्हणाले, तेच तर पाहून राहिलो.
ते गेल्यावर चुंबक काढून पाहिलं. त्याला काळ्या भुकटीची दाढी आली होती. चुंबक उत्तम आहे.

१४ ऑक्टोबर
नागपूरला मोजमाप. फिल्म चुंबकीय, तीही जोरदार. सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, कोरी काच मोजली का? कोऱ्या काचेत काय असणार. सर खरंच थकलेत.

२ नोव्हेंबर
प्रबंध लिहायला घेणार होतो. आधी सत्काराच्या भाषणाचे मुद्दे काढले. योगराजला चहा पाजला. तो म्हणाला, सर, कोरी काच मोजून टाका ना. जळतो.

२० नोव्हेंबर
मोजली. कोरी काच फिल्मपेक्षा जास्त चुंबकीय. एक तर यंत्र बिघडलंय, नाहीतर काचेचं चुंबकत्व हा नवा शोध. सरांना दोन्ही कळवलं. त्यांनी विचारलं, काचा ठेवता कुठे? सांगितलं. फोन कटला असावा. नंतर मेसेज: सगळ्या धुऊन पुन्हा मोजा.

२६ नोव्हेंबर
धुतल्या. मोजल्या. आलेख सपाट, चुंबकत्व शून्य. रेषा मात्र सुरेख सरळ आली.
रेणूला सांगितलं. ती ड्रमजवळ उभी राहिली. म्हणाली, म्हणजे इतके दिवस आपण लोखंड खाऊन राहिलो का? पोराच्या डब्यातही? मी म्हणालो, रक्ताला चांगलं असतं. रात्री तिने भात केला नाही.

५ डिसेंबर. गोंदिया.
नोंदणी रद्द झाल्याचा ईमेल. योगराजने पेढे पाठवले. खाल्ले.
सासऱ्यांना म्हणालो, गादीवर बसायला माझी हरकत नाही. गादीवर मेहुणा, मुन्ना, दिवाळीपासूनच बसतो. सासरे म्हणाले, तुमी असं करा, तांदूळ पडते तिथं चुंबक लावून द्या. ते तुमाले जमन.
लॅबचं चुंबक लावलं. संध्याकाळी काढून पाहिलं. काळी दाढी.
चुंबक उत्तम आहे.