वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

दि. ४ मार्च

चि. खारूस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बोलते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. एवढा मोठा इंजिनिअर, पण अक्षर असं की पोस्टमन तुला शोधून काढतो हेच नवल. हेही लिही म्हटलं, तर मुकाट्यानं लिहितो आहे. पूर्वी भांडला असता.

शाळेच्या जिन्याचा स्लॅब ओतताना कोसळला, गवंडी खाली सापडून गेला, तेव्हापासून याच्या घशाखाली घास उतरत नाही. आता तुमच्या इंजिनिअरांच्या संस्थेचं पत्र आलंय, नीतिसमितीपुढे बोलावलंय. हा म्हणतो, स्लॅबखालचे टेकू मी तपासले तेव्हा ठीक होते, गवंड्यानंच नंतर हलवले. तू त्या समितीत आहेस. चार शब्द मायेचे घाल. लेकाची बाजू घेते म्हणून म्हातारीवर रागावू नकोस.

सगळं वाचून दाखवलंय, म्हणून अंगठा देते.

तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

गुडघ्यांना रोज तेल लाव. बाटलीकडे नुसतं बघून गुडघे बरे होत नाहीत.

बाबा, पुढचं आजीला वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका.

आजी, या प्रकरणापुरती मी समितीतून बाहेर पडले. बापाचा निवाडा मुलीनं करू नये, हा संस्थेचाच नियम. संस्था कोणाला तुरुंगात टाकत नाही, फार तर सभासदांच्या यादीतून नाव कमी करते. पण सभासद होताना आम्ही लिहून देतो की डोळ्यांनी न पाहिलेल्या कामावर सही करणार नाही. ते वाक्य मला बाबांनीच समजावलं होतं.

टेकू तपासल्याच्या कागदावर बाबांची सही आहे. त्या तारखेला मी तापानं फणफणले होते आणि बाबा दिवसभर इथे माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. समितीनं विचारलं तर मला हे सांगावं लागेल. गवंड्याची बायको सुनावणीला येणार आहे, मागच्या बाकावर बसून ऐकेल. तिच्या नवऱ्याला आता उत्तर देता येत नाही.

माया आटू देऊ नकोस.

तुझी खारू

दि. १७ मार्च

चि. खारूस, आशीर्वाद.

वाचताना तुझा बाप तेलाच्या बाटलीवरून थेट तुझ्या सहीवर आला. मला अक्षर येत नाही, पण कागद केवढा आणि वाचन केवढं, एवढं कळतं. पहिल्यापासून वाच म्हटलं. मग सगळं वाचलं. कंत्राटदाराची घाई होती म्हणून तुझ्याकडे निघण्याआधीच पुढची तारीख घालून सही करून ठेवली होती, म्हणाला.

मी त्याला म्हटलं, मी अडाणी बाई, तरी नवऱ्यानं पुढे केलेल्या कागदावरसुद्धा न ऐकता अंगठा दिला नाही. आणि तू डोळे असून सही दिलीस? बोलले, आणि मग त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

मग समितीला त्यानं स्वतः लिहिलं. मी गेलो नव्हतो, टेकू पाहिले नव्हते, गवंड्यावर ढकललं ते खोटं. दोनदा वाचून दाखवलं. साक्षीला माझा अंगठा आहे. आता तुला कोणी विचारायचं कारण नाही. तुझ्या तापाचं ओझं उरावर घेऊ नकोस. हे वाक्य तुझ्या बापानं जास्तच जोर देऊन लिहिलंय, कागद फाटला बघ.

तुझी आजी

दि. ९ एप्रिल

चि. खारूस, आशीर्वाद.

संस्थेनं याचं नाव कमी केलं. पोलीस त्यांचं काय ते करतील. भिंतीवरचं सर्टिफिकेट यानं उतरवलं, तिथला रंग अजून नवाकोरा दिसतो.

निकालात गवंड्याची चूक नव्हती असं स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रत पोस्टानं पाठवता आली असती, पण हा घेऊन निघाला, मीही काठी उचलली. गवंड्याच्या बायकोनं दार उघडलं, बसा म्हणाली नाही. कागद घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मी बघितलं, खालचा शिक्का वर आला होता, कागद उलटा धरला होता. तीही माझ्यासारखीच.

मी तुझ्या बापाला खूण केली. त्यानं तिच्या हातातला कागद सुलटा केला आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानं, आपल्या नावासकट सगळा वाचला.  संपल्यावर ती फक्त म्हणाली, परत वाचा.

त्यानं परत वाचला.

जमेल तेव्हा येऊन जा. त्याला कोणीतरी जेव म्हणायला हवं, माझं ऐकत नाही.

तुझी आजी