लायसन्सला अठ्ठेचाळीस दिवस बाकी

१२ मार्च, मंगळवार. सकाळी ९.१०
वही नवी. पेन बायकोचं, न विचारता घेतलंय.

आजपासून बरोबर अठ्ठेचाळीस दिवसांनी, २९ एप्रिलला, वर्षाची बंदी संपते. लायसन्स परत मिळवायला तीन अटी. सहा मंगळवार कोर्स. ड्रायव्हिंगची टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. आणि एक फॉर्म, त्यावर घरातल्या माणसाची सही, की याने दारू सोडली आहे. घरातलं माणूस म्हणजे बायकोच. म्हणजे तिसरी अट झाल्यात जमा.

दारू आजपासून बंद. सोडणं मला नवीन नाही. शाळा आठवीत सोडली. बेकरी सोडली, गोदाम सोडलं, जहाजावर कांदे सोलायची नोकरी पहिल्याच बंदरात सोडली. चार शहरं सोडली. या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

दुपारी २
फ्रिजमध्ये एक बिअर आहे. पण ती कालची. कालच्या बाटलीला आजचा नियम कसा लागेल?

१४ मार्च
आज तीन कामं. आम्ही लोकांच्या घरी, ऑफिसात जाऊन सोफे, गालिचे, गाद्या धुतो. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, मशीन, चाळीस फूट नळी. पूर्वी मी ड्रायव्हर आणि बायको डागांची डॉक्टर. ती डागाला नाक लावते आणि सांगते कशाचा आहे, किती दिवसांचा आहे. आता डॉक्टरही तीच, ड्रायव्हरही तीच. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर नळी घेऊन.

गाडी शिकली ती माझ्या पाठीमागे. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणायची. अकरा दिवस. मी विचार करायचो, हिचे दात आहेत तरी किती! शिकवणारा तिचा धाकटा भाऊ, आमच्या घरात जेवणारा. अस्तनीतला निखारा. पहिल्या झटक्यात पास झाली. मला कळलं कधी, तर तिने दोन गाड्यांच्या मध्ये व्हॅन रिव्हर्सने एका दमात घातली तेव्हा. मला आजवर एका दमात जमलेलं नाही. पण मी ते बोललो नाही, मन मोठं ठेवलं.

१७ मार्च
गेल्या वर्षीचा प्रकार एकदा नीट लिहून ठेवतो, लोक वाढवून सांगतात. एका ऑफिसच्या खुर्च्या धुवायला गेलो होतो. त्यांची दुपारची पार्टी. आग्रह झाला. आग्रह मोडणं माझ्या स्वभावात नाही. परतताना वळणावर एका गॅरेजची भिंत आली. माझ्या मते ती वळणाच्या मानाने फार पुढे बांधलीय. बायको शेजारी होती. मनगटाला थोडं लागलं. प्लास्टर फक्त सहा आठवडे. आता डाव्या हाताने फडकं पिळता येत नाही, बरणीचं झाकण उघडत नाही. पण झाकणं उघडायला मी आहेच ना!

मग पोलीस आला आणि म्हणाला, या मशीनमध्ये फुंका. मी विश्वासाने फुंकलं. दगा दिला मशीनने.

१९ मार्च, मंगळवार
कोर्स पहिला. पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर खोली. खाली लोक पाण्यात उड्या मारतात आणि वर आम्ही कोरडे बसायचं. खुर्च्या कापडी. माझ्या खुर्चीवर कॉफीचा जुना डाग. तो कसा काढायचा ते मी कोर्सवाल्या मॅडमना सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, बहुतेक पद्धत.

मग म्हणाल्या, गेल्या आठवड्यात तुम्ही... मी लगेच म्हणालो, शून्य. म्हणाल्या, अहो, माझा प्रश्न अजून पूर्ण व्हायचाय.

एक चांगला माणूस भेटला. दिव्याच्या खांबावर गाडी घातली होती, म्हणून सगळे त्याला खांबच म्हणतात. त्याचं माझं लगेच जमलं. म्हणाला, अरे, या बाईंना काय कळतंय, प्यायल्यात का कधी? ठरलं, दर मंगळवारी कोर्स सुटला की समोरच्या बारमध्ये एकेकच. एकेकच म्हणजे शिस्त.

२३ मार्च
टेस्टची तयारी सुरू. लायसन्सशिवाय गाडीला हात लावता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून स्टीलची प्लेट धरली. तीन वेळा पार्किंग केलं, एकही ओरखडा नाही. मेहुणा दारात उभा होता. म्हणाला, भाऊजी, आरशात एकदाही बघितलं नाहीत. प्लेटला आरसा कुठून आणू, गाढवा? बायको आत हसली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

२६ मार्च, मंगळवार
कोर्सच्या आधी फुंकायचं असतं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा कॉफीच्या डागावर बोलत असणार. सकाळी एकच बिअर झाली होती, तीही नाश्त्याला दूध संपलं म्हणून. वर माउथवॉशने चार गुळण्या. मशीनवर आकडा आला. मी म्हणालो, माउथवॉश! मॅडम म्हणाल्या, पंधरा मिनिटं थांबा, माउथवॉश असेल तर उतरेल. उतरला, पण थोडासाच. पहिली चूक म्हणून बसू दिलं.

माउथवॉश आजपासून बंद.

२ एप्रिल, मंगळवार
खांबाने केसाने गळा कापला. समोर गेलो, मी नेहमीचं मागवलं, आणि हा म्हणतो, मला लिंबूपाणी. मला वाटलं मस्करी. म्हणाला, आठवडा झाला रे, झोप लागते आता. मुलीने शेजारी बसून गृहपाठ केला परवा. मी म्हणालो, अरे पण आपलं ठरलं होतं! म्हणाला, तुझंही जमेल, बघ. असं बोलतो जणू मला काहीतरी झालंय.

त्याच्यासाठीही आधीच सांगितलेलं होतं. वाया कशाला घालवा.

६ एप्रिल
एका म्हाताऱ्या बाईंकडे सोफा. बाई म्हणाल्या, नातवाने चहा सांडलाय. बायको गुडघ्यावर बसली, नाक लावलं. म्हणाली, मावशी, चहा नाही, बिअर आहे, चारेक दिवसांची. बाई म्हणाल्या, पण वास तर अगदी ताजा येतोय गं. बायको मान वर न करता म्हणाली, ताजा सोफ्यातून येत नाहीये.

गिऱ्हाइकासमोर! बाईंनी मला पेपरमिंट दिलं. चांगलं होतं. दोन घेतली.

११ एप्रिल
नवा निश्चय. घरात बाटली ठेवायचीच नाही. म्हणून व्हॅनमध्ये ठेवली. व्होडकाला रंग नाही, वास जवळजवळ नाही. डागांच्या औषधाचा एक रिकामा डबा होता, ‘शाई’ लिहिलेला, त्यात ओतली. शाईचं काम वर्षात दोनदा येतं. डोकं लागतं याला.

१२ एप्रिल
शाईचं काम आलं.

वकिलाचं ऑफिस, फिकट गालिचा, मधोमध ताटाएवढा निळा डाग. मी नळी जोडत होतो, तोवर बायकोने डबा उघडला होता. ओतलं. कापडाने टिपलं. पुन्हा ओतलं. डाग साफ गेला! वकील खूश, असं काम बघितलं नाही म्हणाला. मी म्हणालो, आमची स्वतःची पद्धत आहे.

 घरी आल्यावर बायकोने डबा तीनदा धुतला आणि माझ्यासमोर टेबलावर पालथा ठेवला. भांडली असती तर उत्तर तयार होतं माझं. बोलायचंच नाही हा कुठला न्याय?

१६ एप्रिल, मंगळवार
मॅडमनी पत्र लिहायला सांगितलं, आपल्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याला. मी गॅरेजच्या भिंतीला लिहिलं. दीड पान, मनापासून. मॅडम म्हणाल्या, गाडीत आणखी कोणी होतं ना? मी म्हणालो, होतं, पण ती घरातलीच आहे, तिला पत्र कशाला?

खांबाने मुलीला लिहिलेलं वाचून दाखवलं आणि रडला. चांगला अभिनय करतो.

२१ एप्रिल
फॉर्मचा दिवस. भांडी झाल्यावर समोर ठेवला. तिने दोनदा वाचला. विचारलं, सोडलीस? मी म्हणालो, जवळजवळ. म्हणाली, जवळजवळ म्हणजे काय रे? मी समजावलं, की लायसन्स मिळालं की सोडायला कारण मिळेल. आत्ता गाडीच नाही, तर कोणासाठी शुद्धीवर राहायचं?

ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, बरं. लायसन्स तुला मिळायलाच हवं, नाहीतर पुढे पोट कसं भरशील. एवढी एक खोटी सही करते. मग मी तुला सोडते.

सही केली. मला भरून आलं. इतके दिवस हिच्याबद्दल काय काय लिहिलं मी! सहीची सही, वर सोडायलाही येते म्हणते. लायसन्स ऑफिस अठरा किलोमीटर. मी बसने जायच्या तयारीत होतो. मी म्हणालो, काम असेल तर तिथे माझ्यासाठी थांबू नकोस हं. म्हणाली, नाही, थांबणार नाही.

२३ एप्रिल, मंगळवार
कोर्स संपला. सर्टिफिकेट हातात. मॅडमनी विचारलं, पुढे घरून आधार आहे ना? मी अभिमानाने म्हणालो, आहे म्हणजे काय! सहीही केली, आणि म्हणाली, मग मी तुला सोडते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नेमकं काय म्हणाल्या त्या, परत सांगा. सांगितलं, शब्दाला शब्द. म्हणाल्या, तुम्ही आज घरी जाऊन त्यांच्याशी नीट बोला. मी म्हणालो, बोलायचं काय, वेळ ठरलीय, पावणेनऊ.

खांबाने दोन्ही हातांनी हात धरला माझा. निरोपाला माणूस हळवा होतो.

२७ एप्रिल
मेहुणा रिकामे खोके घेऊन आला. साफसफाई काढलीय बहुतेक. बायकोने माझे सगळे शर्ट इस्त्री केले, सगळे. मेहुणा मला चहा देऊन म्हणाला, भाऊजी, तब्येत सांभाळा. टोमणा नाही, काही नाही. याच्या मनात काहीतरी आहे. दोघं मिळून मला सरप्राइज देणार असं दिसतंय.

२८ एप्रिल. संध्याकाळी ६
आज घेतली नाही. खरंच. एक थेंबही नाही. हात थोडे थरथरतात, पण आकाश स्वच्छ दिसतंय. तिला सांगायला खाली गेलो. ती व्हॅनची टाकी धुवत होती. सांगितलं. तिने नळ बंद केला. म्हणाली, चांगलं केलंस. मग नळ परत चालू केला.

२९ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.३०, लायसन्स ऑफिस, बाकावर
पावणेनऊला निघालो. मी शेजारच्या सीटवर, शेवटचं! मागे माझ्या दोन बॅगा. हे कशाला, विचारलं. म्हणाली, सगळं आहे त्यात, दाढीचं सामानही. फोटो काढतात इथे, म्हणून असेल. बारीक लक्ष असतं तिचं.

गेटपाशी तिने इंजिन बंद केलं. एरवी करत नाही. म्हणाली, आरशात बघायला विसरू नकोस. बॅगा स्वतः उतरवल्या, उजव्या हाताने, एकेक करून. मी म्हणालो, मिळालं की फोन करतो. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

११.२०
पास!!! ऑफिसच्या गाडीत, रिव्हर्स दोन दमात. आरशात सात वेळा बघितलं. परीक्षक म्हणाला, आता समोरही बघा. लायसन्स हातात. फोटोत मी जरा गेटकडे बघतोय.

११.५०
फोन उचलत नाही. गाडी चालवताना ती उचलतच नाही, चांगली सवय.

१२.४०
दोनदा केला. मेहुण्यालाही केला. त्याने उचलला आणि नुसता श्वास घेतला, मग ठेवला.

१.१५
कारकून जेवायला निघाला. विचारलं, अजून कोणाची वाट बघताय? मी म्हणालो, बायकोची, तिने सोडलंय ना मला.

तो जागीच थांबला. मीही. वाक्य माझंच, पण कानात आत्ता शिरलं. तो म्हणाला, आत पंखा आहे, आत बसा.

२.००
बॅग उघडली. वर दाढीचं सामान. खाली शर्ट, इस्त्रीचे. त्याखाली मोजे, जोड्या लावलेले. सगळ्यात खाली थंडीचा कोट.

एप्रिल आहे.

२.३०
कोट घडी करून परत ठेवतोय. तिसऱ्यांदा. बॅगेची चेन लागत नाही. तिने कसा बसवला होता कोण जाणे.