उगवलेली बोटं

४ फेब्रुवारी
मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्कोला कामासाठी पोचले. घर कालव्याच्या काठी, दाराशी बांधलेली होडी, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. मास्तर एलेउतेरियो शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, बोलके. डाव्या हातात मात्र सदा कातडी मोजा. मी दोघांचा स्वयंपाक करायचा आणि अंगणातल्या सहा टाक्यांमधल्या आहोलोत्यांना गांडुळं घालायची. पाण्यातले गुळगुळीत सरडेच ते. मानेला पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरं. मास्तरांनी प्रत्येकाला नाव ठेवलंय. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मक्याच्या गिरणीत गेली, हे सांगितल्यावर त्यांनी तो हात बराच वेळ निरखला. दया आली असावी. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं.

११ फेब्रुवारी
टाकीतल्या पेत्रोनिलाचा पुढचा पाय तिच्याच टाकीतल्या शेजारणीनं खाल्ला. मला रडूच आलं. मास्तर हसले, "अगं ओब्दुलिया, रडतेस काय? महिना-दीड महिन्यात नवा येईल बघ!"

२ मार्च
खरंच येतोय. आधी नुसता फोड होता. आता पारदर्शक पंखा झालाय आणि त्याला कोंब फुटलेत. शेंबडाला बोटं यावीत तसे. कौतुकही वाटलं आणि किळसही आली.

९ मार्च
मास्तर कात्रीनं पाय कापत होते. धडधाकट जनावरांचे! मी ओरडले तर म्हणाले, त्यांचं काही जात नाही, परत येतं. पाय रश्शात टाकले. मग त्यांनी मोजा काढला. तीन वर्षांपूर्वी होडीच्या इंजिनात तुटलेली करंगळी जागच्या जागी होती. गुलाबी, ओली, नख नसलेली.
"तुलाही हवीत ना?" त्यांनी विचारलं.
मागच्या दारी जाऊन ओकले. पण सामान आवरलं नाही.

१० मार्च
प्यायले. रस्सा टाळ्याला चिकटून राहतो. दातांच्या फटीत एक इवलं बोट अडकलं होतं. काडीनं काढलं. आता रोज एक वाटी.

२८ मार्च
दोन फोड. नेमके थोटकांवर. आनंदानं त्यांचा मुका घेतला. ओठांना टाकीचा वास राहिला.

१४ एप्रिल
हे उजव्या हातानं लिहितेय! बोटं गार आहेत, मऊ आहेत, पण वळतात. भाकरीसाठी मक्याचं पीठ मळलं तर पिठात लाळेच्या तारा सुटल्या. सगळं फेकून दिलं. मास्तरांना सांगितलं नाही.

२० एप्रिल
तिसरं आलंय. मनगटावर. मास्तर म्हणाले, "छाट की! मी दर रविवारी छाटतो." मोजा त्यासाठीच होता. छाटलेलं त्यांनी टाकीत टाकलं. सगळ्याजणी तुटून पडल्या. मी माझंच बोट पेत्रोनिलाच्या घशाखाली उतरताना पाहिलं.

२३ एप्रिल
आज अकरा. कोपरापर्यंत. छाटताना दुखत नाही. त्याचीच जास्त किळस येते. रस्सा बंद केलाय. तरी येतातच —

२६ एप्रिल
निघून जायचं म्हणून धक्क्यावर गेले. पैसे देताना शाल सरकली. होडीवाल्यानं हात पाहिला, छातीवर क्रूस काढला, वल्हं मारून निघून गेला. हाका मारल्या. वळला नाही.

२९ एप्रिल
घेवडा गिळवत नाही. भाकरी राखेसारखी लागते. तीन दिवस उपाशी. टाक्यांपाशी गेलं की तोंडाला पाणी —
शी. काय लिहितेय मी.

१ मे
आज छाटलेली बोटं टाक्यांकडे नेली नाहीत. धुतली. ताटात घेतली. मीठ, लिंबू. एक अजून वळवळतंय. मास्तर समोर बसलेत. म्हणाले, "जेव गं, लाजतेस काय?"
मऊ आहे. हाड नाहीच. ओकारी येईल वाटलं होतं, पण — ताट संपलं. हातावर अजून चार आहेत, कात्री कुठे ठेव— नको, दातांनीच —