पंपाचा शिक्का

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. डुलुथ.

प्रिय सोल्विगताई,

हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये ट्रकचा हीटर चालू ठेवून आईने दिलेलं बटाट्या-मांसाचं हॉटडिश थंडच खातोय आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन तुला लिहितोय. मेल का नाही केली, ते पुढे कळेलच. फोन तू उचलत नाहीस. शनिवारी चर्चच्या तळघरातून बाहेर पडताना तू माझ्याकडे जसं पाहिलंस, तसं मी अकरावीत शाळा सोडली तेव्हाही पाहिलं नव्हतंस.

आई म्हणते, "बहीणभावाचं काय बिनसलंय ते तुमचं तुम्ही निस्तरा, पण माझी भांडी परत आणून द्या." तिला काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही, ताई, हेच तर लिहायचंय.

तू नेहमी थट्टा करतेस, की मी दिवसभर नेमकं करतो काय. आज नीट ऐक. हॉस्पिटलातला प्रत्येक संगणक, प्रत्येक औषधाचा पंप एकमेकांशी बोलण्याआधी ओळख विचारतो. ती ओळख म्हणजे सर्टिफिकेट, आणि त्याच्यावर शिक्का मारणारी ती सर्टिफिकेट ऑथॉरिटी. एक मुख्य आहे, ती तिजोरीत बंद असते. तिच्या हाताखाली शाखा: पंपांची वेगळी, दारांच्या कार्डांची वेगळी. कुठल्या शाखेने कुणाला, किती मुदतीचं आणि कुणाच्या मंजुरीने सर्टिफिकेट द्यायचं, हे सगळं मी बसवतो. एकदा का एखाद्या शाखेवर विश्वास ठेवायला संगणकांना सांगितलं, की ते तिचा शिक्का डोळे मिटून मानतात. म्हणून मागणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असा आमचा नियम आहे.

गेल्या बुधवारी पंपांची नवी शाखा करायला तिजोरी उघडली. सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत. माझ्याबरोबर काम करणारी मार्लिस नव्या शाखेचा लांबलचक क्रमांक दोन-दोन अक्षरांनी मोठ्याने वाचते, मी माझ्या कागदावर बघून प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणतो. आमचा साहेब गॉर्डन कंटाळून म्हणाला, "मार्लिस, प्रवचन आवर, माझं जेवण थंड होतंय." सगळे हसले. मग तिने आणलेल्या लिंबाच्या वड्या खाता खाता तो मला सहज म्हणाला, "काय रे, शनिवारी तुझ्या ताईकडे वॅफल आहेत म्हणे. किती नर्सा येणार?"

मी हातातली वडी खाली ठेवली. तुम्हा नर्सांच्या युनियनची चर्चमधली ती बैठक तू 'वॅफलचा नाश्ता' म्हणून फक्त मेलमध्ये लिहिली होतीस. मला कळली ती आईच्या स्वयंपाकघरात, तुझ्याच तोंडून. मी म्हटलं, "मला नाही माहीत." तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, तुमच्यातलंच कुणीतरी फुटलंय. ती नवीन इंगा, नाहीतर बेरित. मार्लिसचासुद्धा संशय आला; ती कधी एवढ्या वड्या आणत नाही. तीन दिवस मी एकेकाचे चेहरे वाचत हिंडलो. आणि शनिवारी आईची भांडी न्यायला मी चर्चपाशी आलो, तर समोर गॉर्डनची करडी गाडी उभी होती. ती तूही पाहिलीस, आणि मग माझ्याकडे पाहिलंस.

काल ती नवी शाखा आमच्या प्रणालीत जोडताना मी तिच्या अटी वाचल्या. पंपांच्या शाखेला फक्त पंपांच्या नावाने सर्टिफिकेट देता येतं. हिला जगातल्या कुठल्याही नावाने देता येत होतं, तेही आपोआप, कुणालाही न विचारता. आणि ती जोडायची होती पंपांना नव्हे, तर इमारतीतून बाहेर जाणारी सगळी वाहतूक ज्यातून जाते त्या पेटीला. अशी पेटी तुझी मेल मधेच उघडते, वाचते, स्वतःचा शिक्का मारून पुन्हा बंद करते आणि पुढे पाठवते. तुझ्या संगणकाला पत्ता लागत नाही, कारण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवायला आम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

पण ही शाखा तर अजून चालूही झाली नव्हती, मग गॉर्डनला वॅफलचं कळलं कसं? म्हणून मी आमच्या प्रणालीतला चाचणीचा विभाग उघडला. तिथे दुसऱ्याची मंजुरी लागत नाही, आणि आमच्याच एका जुन्या आळसामुळे तिथले शिक्केही सगळे संगणक मानतात. गॉर्डनने जानेवारीतच तिथे एक शाखा करून ठेवलीय. नाव 'पंप चाचणी'. पेटी तिच्यावरच चालू आहे, आणि जोडलीय फक्त तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या नर्सांच्या संगणकांना. तुमच्या चहाच्या खोलीतल्यासुद्धा.

मी गॉर्डनला विचारलं, "पंपाला लोकांच्या मेलचं नाव कशाला लागतं?" तो हसला. "अरे बाबा, तुझं काम बटण दाबायचं, तपासनीस व्हायचं नाही. वकिलांनी बघितलंय सगळं. आणि तुझ्या ताईचं म्हणशील, तर तिच्या भल्यासाठी तू जरा शहाणपणाने वाग." चाचणीच्या शाखेची मुदत शुक्रवारी संपते. त्याआधी नव्या शाखेला मंजुरी हवी आणि ती देणारा दुसरा माणूस मी. मार्लिस ही नवी शाखा मागणारी म्हणून नोंदलेली आहे. तिला सगळं माहीत होतं, का तिनेही नुसता कागदावरचा 'पंप' वाचून सही केली, ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र तिच्या किंवा आणखी कुणाच्या हाती न देता तुझ्या दारावरच्या टपालपेटीत मी स्वतः टाकणार आहे.

मी बटण दाबणार नाही. शुक्रवारी पेटी आंधळी होईल, आणि बहुतेक त्याच दिवशी माझं दाराचं कार्डही चालेनासं होईल. ते मी बघून घेईन. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. मी चुगली केली नाही, असं मी हजारदा म्हटलं तरी तू का ऐकावंस? मी गॉर्डनच्या शेजारी बसतो, त्याच्या विनोदांना हसतो. तुझ्या जागी मीही माझ्यावरच संशय घेतला असता. तेव्हा माझं ऐकू नकोस. उद्या चहाच्या खोलीत जा, तिथल्या संगणकावर तुझी मेल उघड, पत्त्याशेजारच्या छोट्या कुलपावर क्लिक कर आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते वाच. मग तेच घरी, तुझ्या फोनवर कर. घरी कुठल्यातरी नामांकित कंपनीचं नाव दिसेल. हॉस्पिटलात दिसेल 'पंप चाचणी'. इंगाला आणि बेरितलाही दाखव, मोठ्याने वाच, आणि एकीला "बरोबर" म्हणायला सांग. शुक्रवारनंतर दाखवायला काही उरणार नाही. आणि मग वाटलं, तर माझा फोन उचल.

तुझाच धाकटा,
कॉर्विन