हद्दीबाहेरचे ठिपके

३ मार्च, खोलीवरून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कार्ड पोचलं. ऑफिसात सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि आतून मोजा निघाला. कार्ड फुटू नये म्हणून घातलास ते कळलं, पण पुढच्या वेळी निदान धुतलेला घाल.

मी दिवसभर करतो काय, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. तुमच्या शेतकरी गटाचे ट्रॅक्टर चालतात तेव्हा त्यावरचा जीपीएस दर सेकंदाला त्या कार्डावर एक ठिपका टाकतो. सगळ्यांची कार्डं आली की माझ्या पडद्यावर वारूळ फुटल्यासारखं दिसतं. मग मी नकाशावर एकेका शेताची हद्द आखतो आणि बटण दाबतो. जो ठिपका ज्या हद्दीत, तो त्या शेताचा. कुणी कुठं पेरलं, कुठं राहिलं, सगळं कळतं. जे कुणाच्याच हद्दीत बसत नाहीत ते 'बेवारस' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. हे नाव मी ठेवलंय.

आत्या, तुझे बेवारस फार झालेत. ट्रॅक्टर रोज उत्तरेच्या कोपऱ्यात हद्द सोडून बाहेर जातोय. गटाचा नियम तुला माहीत आहे. जो भरकटतो त्याला पुढच्या हंगामात स्टिअरिंग नाही, गटाचा ड्रायव्हर येणार. डोळे तपासलेस का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यावर तू चिडतेस. काळजी करू नकोस, मी बघतो.

इकडे बरं चाललंय. ऑफिसात सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून बसतात. काल मी फक्त लिफ्टवाल्याशी बोललो, तेसुद्धा मजला सांगण्यापुरतं.

लोभ आहे तेवढा राहू दे, राग जरा कमी कर.
तुझा ढब्बू

*

१२ मार्च, शेतावरून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

माझे डोळे ठणठणीत आहेत. तुझ्या पत्रात शाईनं खोडलेलं वाक्यसुद्धा मी वाचलं. घरी यावंसं वाटतं, असं लिहून खोडलं होतंस. मग यायचं की. खोडतोस कशाला?

तुझा बाप गेल्यापासून हे स्टिअरिंग माझ्या हातात आहे. तेव्हा तू माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायचास. ड्रायव्हर पाठवतील म्हणे! तो शेत पेरील आणि मी काय ओट्यावर बसून त्याला टाटा करू?

बाकी सगळं नेहमीचं. शेजारच्या शेतातला भोंगा, तुझा भोंगाकाका, अजून जिवंत आहे आणि अजून ओरडतो. माझं बी वाऱ्यानं त्याच्या शेतात उडतं, असा त्याचा दावा आहे. मी म्हटलं, मग उगवेल त्याबद्दल आभार मान.

तू 'बघतो' म्हणालास ते काय बघणार, ते स्पष्ट लिही. तू लहानपणी 'बघतो' म्हणालास की पाठोपाठ काहीतरी फुटायचं.

जेवत जा. माझी माया काय, तू न मागता मिळतेच.
आत्या

*

२९ मार्च, शेतावरून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद आहेत, पण आज नाइलाजानं.

गटाच्या ऑफिसात नकाशे लागले. माझं शेत उत्तरेला चांगलंच सुटलंय, बाळंतिणीसारखं. आणि भोंग्याच्या शेताचा तेवढाच लचका गेलाय. माझा एकही ठिपका बाहेर नाही. कसा असेल? तू हद्दच ओढून ठिपक्यांच्या पुढे नेलीस.

भोंग्यानं भर ऑफिसात आरडाओरडा केला. त्या लचक्यातली त्याची थोडी पेरणी माझ्या नावावर गेली होती. लोक मला चोर समजले. घरी येईपर्यंत मी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

तू गणितात नापास झालास तेव्हा मी तुझ्या प्रगतिपुस्तकावर आकडा खोडला होता का? दोन चापट्या दिल्या आणि शेजारी बसून पाढे घेतले. माझी कीव करायची तर समोर येऊन कर. असं लांबून, माझ्या पाठीमागं नको.

हद्द होती तिथे ने. तुझ्या ऑफिसातल्या मॅडमना तूच सांग. पुढच्या आठवड्यात सभा आहे. माझ्याकडे ट्रॅक्टर ठेवायचा की नाही, ते तिथेच ठरेल.

ममता आहे. आज ती कपाटात ठेवली आहे.
आत्या

*

२ एप्रिल, खोलीवरून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (कान धरून.)

हद्द होती तिथे नेली. मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं पाहिलं, आणि तुझी फाइल माझ्याकडून काढून घेऊ का, असं विचारलं. मी नको म्हणालो. इथे माझ्या ओळखीचं तेवढं एकच शेत आहे.

पण परत हद्द आखताना मी नीट बघितलं, आणि माझंच चुकलं होतं. डोळे अधू असते तर तू चारी बाजूंना भरकटली असतीस. तुझ्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ आहेत. फक्त तो एक कोपरा. रोज दुपारी तू बांधाच्या फटीतून भोंगाकाकांच्या पडीक तुकड्यात शिरतेस आणि ट्रॅक्टर तिथे थांबतो. ठिपक्यांवर ठिपके, ठिपक्यांवर ठिपके. पार गोळा झालाय. इंजिन बंद असेल, पण चावी चालू राहते, म्हणून ठिपके पडतच राहतात.

आत्या, तू तिथे काय करतेस? मला सांगू नकोस हवं तर. पण सभेत सांग. नाहीतर ते डोळ्यांचं कारण धरतील आणि स्टिअरिंग जाईल.

कपाट उघडेपर्यंत वाट बघतो.
ढब्बू

*

११ एप्रिल, शेतावरून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सभा झाली. गटाच्या सेक्रेटरींनी तुझा नवा नकाशा भिंतीवर लावला आणि तो गोळा दाखवून विचारलं, की बाई, हे काय? मोतीबिंदू असेल तर मोकळेपणी सांगा, वयाची लाज कसली. दोन वाटा होत्या. आंधळी म्हणवून घ्यायचं, नाहीतर खरं सांगायचं.

मी खरं सांगितलं. म्हटलं, बोलायला जाते. ट्रॅक्टरवरून उतरले की गुडघा परत चढू देत नाही, म्हणून ट्रॅक्टरसकट जाते. तो तिकडून ओरडतो, मी इकडून ओरडते. या कानांना त्याच्या एकट्याचाच आवाज पोचतो. बियांवरून भांडतो, पाण्यावरून भांडतो, काही नसलं की हवेवरून. मग मी परत येऊन पेरते.

मागून एकजण हसला, आणि मग सगळेच. कुणीतरी वरातीचं विचारलं. सेक्रेटरी पण रुमाल तोंडाला लावून बसले. ट्रॅक्टर माझ्याकडेच राहिला, एवढं मात्र पदरात पडलं. भोंगा हसला नाही. तो चपलांकडे बघत बसला होता आणि सगळ्यांच्या आधी उठून गेला.

माझं काही गेलं नाही. हसणाऱ्यांचे दात दिसले, इतकंच.

कपाट उघडलंय.
आत्या

*

२३ जुलै, खोलीवरून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या पेरणीचं कार्ड पोचलं. मोजा धुतलेला होता, आणि पत्र नव्हतं.

मी तुझी हद्द आखली, बटण दाबलं. सगळे ठिपके आत. बेवारसमध्ये तुझं काहीच नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, अख्ख्या गटात असं शेत नाही, बाकीच्यांना नमुना म्हणून पाठवू या. सगळे बघायला आले. पहिल्यांदाच कानातली बोंडं काढून.

ते गेल्यावर मी नकाशा मोठा केला. तो कोपरा पडदाभर केला. बांधाची फट दिसते. तू रोज दुपारी तिथपर्यंत येतेस, थोडी थांबतेस आणि वळतेस. पलीकडे काही नाही. भोंगाकाकांचा ट्रॅक्टरही बघितला. तो आता त्या बाजूला फिरकतच नाही.

मी शनिवारच्या गाडीनं निघतोय. रजा मिळाली नाही, तरी निघतोय. आल्यावर तुझ्या शेजारी मडगार्डवर बसेन आणि आपण फटीतून पलीकडे जाऊ. मी हॉर्न वाजवत राहीन. भोंगाकाका बाहेर येईपर्यंत. आल्यावर काय बोलायचं ते तुझं तू बघ. बी उडतंच आहे.

चावी चालू ठेव.

लोभ समोरासमोर मोजून घेईन.
ढब्बू