बुधवारी येणारा रविवार

बाबा, तुम्ही दौंडच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून माझे शाळेचे बूट पॉलिश करता आहात आणि मी शेजारी पाय हलवत बसले आहे. मंगळवारची संध्याकाळ. अंगातला निळा शर्ट तुम्ही अजून बदललेला नाही, त्याला केबिनमधल्या तेलाचा वास येतो. बुटाच्या नाकाडावर हाऽ करून वाफ सोडता, जुन्या बनियनच्या फडक्याने जोरात घासता आणि मला विचारता, "तोंड दिसतंय का बघ." मी वाकून बघते. काळ्या चामड्यात माझा एक डोळा आणि अर्धी वेणी दिसते. "दिसतंय," मी म्हणते. "मग उंद्याला चालंल," तुम्ही म्हणता आणि धाकट्या भावाचा बूट हातात घेता. आमचे बूट झाले की मग तुमचे. शनिवारी मात्र आमच्या बुटांना नुसतं फडकं मारलं जाई. पॉलिश मंगळवारचं, कारण दुसऱ्या दिवशी बुधवार, आणि बुधवारी तुमची रेस्ट.

तुम्ही रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढायचात. रोस्टर लागला तेव्हापासून तुमच्या वाट्याला बुधवारची सुट्टी आली ती कायमचीच. रविवारी आई आम्हा दोघांना घेऊन देवळात जायची आणि तुम्ही डबा घेऊन ड्यूटीवर. पण बुधवारी मी शाळेतून आले की आई गणवेश काढायला लावून रविवारचा फ्रॉक घालायला द्यायची. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, केस चोपून बसवून, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीवर बसलेले असायचात. मग गायनाचं पुस्तक निघायचं. दोन गाणी, शास्त्राचा, म्हणजे आपल्या बायबलचा, एक अध्याय, तुमची लांबलचक प्रार्थना. ओळीखाली बोट धरून तुम्ही वाचायचात, मोठ्या शब्दापाशी थांबायचात आणि माझ्याकडे बघायचात. मी तो शब्द म्हणून दिला की पुढे जायचात. नंतर मटण आणि भात. रविवारी आमच्या घरी पिठलं शिजायचं आणि बुधवारी मटण, यावरून क्वार्टरांची सगळी लाईन आम्हाला हसायची. शेजारच्या क्वार्टरमधले मामा भिंतीवरून डोकावून ओरडायचे, "काय केबिनवाले, तुमचा देव बी शिफ्ट ड्यूटी करतो का?" तुम्ही तिथूनच म्हणायचात, "व्हय मामा, आन् त्याला तर रेस्टच न्हाई. या जेवायला."

मला मात्र या बुधवारची लाज वाटायची. कॉन्व्हेंटमध्ये सगळं वेळेवर आणि जागच्या जागी असायचं. घंटा, रांग, रिबिनीचा रंग. रविवार म्हणजे रविवार. सहावीत असताना एकदा वर्गातली मैत्रीण वही मागायला आली आणि आम्ही फ्रॉक-सदऱ्यात गात बसलेलो तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्यात काल कसला सण होता?" मी बेधडक सांगितलं, बाबांचा वाढदिवस. पुढच्या बुधवारी ती बिस्किटांचा पुडा घेऊन दारात. "काका, मागच्या वेळी राहिलं. हॅपी बर्थडे." आम्ही पुन्हा तशाच कपड्यांत, पुस्तक उघडलेलं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, मग तिच्याकडे. "पोरी, माझा जन्म कवा झाला हे मलाच ठावं न्हाई. आमच्या गावी कवठ्याला कोण लिहून ठेवतंय? तवा तू म्हणशील तो दिवस. ये, बस." तिला मटण-भात खाऊन जायला लावलंत. ती गेल्यावर मला समोर उभं केलंत. मार बसेल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तुला लाज कुणाची वाटली? माझी, का देवाची?" मी रडले. तुम्ही उत्तराची वाट बघत राहिलात, आणि ते काही मी दिलं नाही. मग म्हणालात, "उंद्या तिला खरं सांगून ये." मी सांगून आले. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे आठवड्याला दोन रविवार? मजाच आहे की."

सगळ्यांनाच त्यात मजा दिसत नव्हती. देवळाच्या पायरीवर मंडळीच्या पंचांच्या बायकोने एकदा आईला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मालक दिसत नाहीत कधी. नोकरी देवापेक्षा मोठी झाली का?" तुम्ही ड्यूटीवरून आलात तेव्हा ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. परातीकडेच बघत म्हणाली, "साहेबांना अर्ज करा. रविवारची रेस्ट मागा. धर्माचं कारण दिलं तर देतील." तुम्ही हात धूत होतात. "देतील की," तुम्ही म्हणालात. "पर माझ्या जागी त्या दिशी कोण उभं राहील? त्याला घर न्हाई का? त्याच्या पोरास्नी बी शाळेला रविवारचीच सुट्टी असती. देवाचं नाव सांगून मी सुटायचं आन् वझं दुसऱ्याच्या डोक्यावर? मला न्हाई जमायचं." आई म्हणाली, "आणि देवाची आज्ञा?" तुम्ही बराच वेळ हात पुसत राहिलात. "आज्ञा मोडत न्हाई गं मी. पाळायला जो दिवस मिळाला तो पाळतो. त्याला कमी पडत आसंल तर त्येला मी जाब देईन, त्या बाईला न्हाई." आईने भाकरी तव्यावर टाकली. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं.

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. शिक्षिकेची नोकरी करून मी निवृत्त झाले, तुमचे जावईही गेले, आणि आता मी शिरूरला मुलाकडे असते. त्याने मला एक ब्लॉग काढून दिला आहे. ब्लॉग म्हणजे वही समजा, उघडी ठेवलेली, कुणीही येऊन वाचावी अशी. मी त्यात रोजच्या घरातल्या विश्वासाबद्दल लिहिते. जेवणाआधी हात जोडावेत आणि तेव्हा मोबाईल पालथा ठेवावा. देवळात जाताना नीटनेटकं जावं. लग्नात दिलेलं वचन अडचणीच्या दिवसांसाठीच असतं. मुलांना देवाविषयी शिकवणं संडेस्कूलवर सोडून देऊ नये. मला जुन्या वळणाची म्हणतात आणि मी आहे. हे वळण तुमचंच. नगरपासून जालन्यापर्यंत बायका वाचतात, कुणी परदेशातून लिहितात की आईची आठवण आली. मला त्याचा आनंद होतो.

तुमची नातसून, म्हणजे माझी सून, राहू गावच्या शेतकरी घरातली. हातापायांनी चपळ, तोंडानेही. ती रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या लाईनवर आहे. कंपनीची सुट्टी गुरुवारी. रविवारी सकाळी आम्ही देवळात जायला निघतो तेव्हा ती कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते. मला ते खुपायचं. सहा महिन्यांपूर्वी मी एक लेख लिहिला, प्रभूचा दिवस कामाला विकणाऱ्यांवर. नाव कुणाचंच नव्हतं. आमच्या लहानपणी दौंडला रविवार कसा पाळला जायचा, आई आम्हाला कशी देवळात न्यायची, ते सगळं त्यात होतं. आजवरचा माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच. महिला संघाच्या बैठकीत एकीने तो मोठ्याने वाचला आणि दुसरी म्हणाली, "ताई, घरचंच उदाहरण डोळ्यांपुढे होतं ना?" मी हसले. नाही म्हणाले नाही. ते सुनेपर्यंत पोहोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

ती भांडली नाही. त्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची बंद झाली, एवढंच. आम्ही गायला लागलो की ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते. माझी नात आठ वर्षांची आहे. ती परवा म्हणाली, "आजी, मीपण मम्मीबरोबर कपडे काढू का?" त्या दिवशी माझा आवाज गाण्यात लागला नाही. तुम्ही शिकवलेली, आईने जपलेली ही एक गोष्ट मी या घरात आणली होती, आणि माझ्या हातूनच ती तुटत चालली आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी चांगलं लुगडं नेसले, गायनाचं पुस्तक घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. "आज आपण दोघी प्रार्थना करू या का?"

तिने वर पाहिलंही नाही. "मम्मी, आज गुरुवार हाय. रविवार मी विकलाय ना?"

मग मी तिला तुमचा बुधवार सांगितला. पॉलिश, सदरा, पिठलं, मामांची थट्टा, पंचांची बायको, सगळं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तिचे हात थांबले आहेत. बिस्किटांच्या पुड्यावर ती खळखळून हसली, किती महिन्यांनी. मग म्हणाली, "म्हंजे आजोबा बी रविवारी कामावर होते."

"हो."

"आन् हे तुम्ही लेखात का न्हाई लिहिलं?"

मी मांडीवरचं पुस्तक मिटलं. ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग, मम्मी? बोललात ते सगळ्यांसमोर. हे बी तिथंच लिहा. मग बसते मी. लेकीला घेऊन बसते." आवाजात राग नव्हता. सुपरवायझरला एखादा खराब नग दाखवावा तसं तिने मला ते दाखवलं.

रविवार पवित्र आहे असं मी आजही मानते, बाबा. त्या लेखातलं एकही वाक्य मला खोटं वाटत नाही. पण तुम्हाला वगळल्याशिवाय तो लेख लिहिताच आला नसता, हे मला लिहितानाच कळलं होतं. तुम्ही मधे आलात की धार जात होती, म्हणून मी तुम्हाला बाजूला बसवलं आणि फक्त आईला पुढे आणलं. सहावीत तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. देवाची लाज मला कधी वाटली नाही. तुम्ही नियमाच्या बाबतीत स्वतःला एवढं कडक होतात आणि दुसऱ्याला एवढं सैल, की मला वाटायचं, लोक त्याला ढिलेपणा म्हणतील. मी फक्त तुमचा कडकपणा उचलला, आणि तोही दुसऱ्यांसाठी.

माझं वय झालं आहे, तेव्हा माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते इथेच लिहून ठेवते. तुमचं शास्त्र धाकट्याच्या मुलाला जाईल असं सगळे धरून आहेत, कारण तो देवळाचा पाळक आहे. त्याच्याकडे चार प्रती आहेत. तुमचं सुनेला द्यावं, ती प्रार्थनेला बसो की न बसो. आईचं शिवणयंत्र दौंडच्या महिला संघाला, पण तेल घालून द्यावं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्याकडून विणून घेतलेला टेबलक्लॉथ देवळातल्या प्रभुभोजनाच्या मेजावर घालावा, डाग पडला तर रागावू नये. निवृत्तीला तुम्हाला मिळालेलं घड्याळ माझ्या मुलाला, त्याला वेळेची फार गरज आहे. माझ्या सोन्याच्या कुड्या नातीला. ब्लॉगही तिलाच. तो ठेवायचा की बंद करायचा हे तिने मोठी झाल्यावर तिच्या आईला विचारून ठरवावं, माझ्या मैत्रिणींना विचारून नाही.

आज मी खरं तर सुनेने सांगितलेला तो लेख लिहायलाच बसले होते. "माझे वडील रविवारी कामावर जात" एवढं पहिलं वाक्य लिहिलं आणि मग तुम्हालाच लिहीत बसले, कारण तुम्ही काही ते महिला संघात वाचून दाखवणार नाही. जुना लेख अजून तसाच आहे. काल त्याखाली कुणा अनोळखी बाईंनी 'आमेन, ताई, असंच परखड लिहीत राहा' असं लिहिलं, आणि मी त्यांचे आभार मानले.