अभ्यासिकेतल्या पाटीवरचे माझे नाव

मी, दत्ताराम विठू घाडी, वय ७९, निवृत्त गणित शिक्षक, राहणार डिलाईल रोड, मुंबई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, मात्र भयंकर शिसारी आलेल्या अवस्थेत हे लिहून ठेवतो. शिसारी म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. माझी पागडीची खोली पुतण्या शंतनु यास, एका अटीवर. हे चिरंजीव आमच्या गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस. गेल्या वर्षीचा देखावा 'शून्याची जन्मकथा'. मजकूर मी दिला: आकड्यातली रिकामी जागा दाखवायला बॅबिलोनच्या लेखनिकांकडे खूण होती, शून्याला संख्या मानून बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगितले. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, इथे मात्र तो चुकला. ग्वाल्हेरच्या देवळातल्या शिलालेखात २७० हात लांब फुलबागेच्या आकड्यात शून्य आजही दिसते.

मंडपात जाऊन पाहतो तर थर्माकोलचा ऋषी, डोक्यामागे फिरते दिवे आणि पाटी: 'दहा हजार वर्षांपूर्वी समाधीत शून्य दिसले, तेव्हा जग बोटे मोजत होते.' खाली 'संशोधन: घाडी गुरुजी'. लोक रांग सोडून माझ्या पाया पडत होते. मी शंतनुला बाजूला ओढले.

शंतनु म्हणाला, "काका, टेन्शन काय घेता? पब्लिकला अभिमान पायजे. आपल्याच माणसाची चूक मंडपात लावायची काय?"

ती पाटी आता मंडळाच्या अभ्यासिकेत आहे आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. शंतनुने ती स्वतःच्या हाताने काढावी, नाहीतर खोली अभ्यासिकेला जाईल. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेऊ नये. आधी पाटी काढावी.

२. माझी सर्व पुस्तके प्रिती रामजी जाधव हिला. ती आता वरळीत गणित शिकवते. १९९३ साली नववीच्या चाचणीत तिने लिहिले: 'शून्य भागिले शून्य ठरवता येत नाही. शून्य गुणिले पाच शून्य, गुणिले सात पण शून्य. मग उत्तर पाच की सात?' मी लाल फुली मारली. "पूर्वजांपेक्षा शहाणी झालीस?" असे वर्गासमोर म्हणालो. गिरणीची पाळी सुटल्यावर तिचे वडील आले. "गुरुजी, पोरगी चुकली कुठं, तेवढंच सांगा." मला सांगता येईना, म्हणून मी त्यांना बाहेर काढले. महिन्याभरात पुस्तकात सापडले की तिचेच बरोबर. तरी गप्प बसलो. शंतनुला काय बोलू? थर्माकोलचा पहिला ऋषी मीच.

३. ती उत्तरपत्रिका ट्रंकेत सर्वांत वर आहे. पूर्ण गुण देऊन सही केली आहे. नव्या पाटीचा मजकूर प्रितीने लिहावा, ब्रह्मगुप्ताच्या चुकीसकट. माझे नाव घालू नये.

रामजी आता हयात नाहीत. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर इथे नोंदवतो: मुलगी कुठेही चुकली नव्हती.

सही: द. वि. घाडी
आमच्यासमोर सही केली: सुचित्रा मेस्त्री, शिवा तांडेल
डिलाईल रोड, मुंबई. १२ जानेवारी २०२६